आईचा दगड मी हलवला

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. माझ्या माणसाला सांगितली नाही, लेकांना नाही, देवापुढं हात जोडूनही नाही — देवापुढं तर मुळीच नाही, ते का ते पुढं कळेलच तुम्हाला. तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलते. मधेच थांबले तर थांबू द्या. सरळ सांगायची धमक असती तर एवढी वर्षं गिळून बसले असते का?

माहेर माझं वरकुट्याचं, इंदापूर तालुक्यातलं. वांगी, मिरच्या, कांदे काढणारं घर. चौथीपर्यंत शाळा झाली आणि लग्न होऊन बारामतीला आले. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती. आमचे हे मोजणीदार होते — साखळी घेऊन रानं मोजायची, नकाशे काढायचे. माणूस देवभोळा, कामाला चोख, बोलायला मऊ. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आजही जिभेवर येत नाही.

बारामती तेव्हा नुसती फुगत चालली होती. कालव्याच्या पाण्यावर ऊस, उसाचा गूळ, आणि गुळामागं अडते, हमाल, गाडीवान — जो तो इथं येऊन टेकायला बघायचा. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला कऱ्हा नदी, आणि मधे माणसांची दाटी. आम्ही गुळाच्या वखारीमागं एका खोलीत राहायचो. भिंतीवर मुंगळे, अंथरुणाला गुळाचा आंबूस वास. मी आडावर घागर भरायला गेले की घरमालकीण दारात उभी राहून बघायची, आणि तिच्या एकेका टोमण्यानं माझा दिवस खराब व्हायचा. मला माझं घर हवं होतं. तुम्ही म्हणाल, कुणाला नको असतं? खरंच आहे. मी फार सोसलं असं काही सांगत नाही. हवं होतं, आणि फार हवं होतं, एवढंच.

त्या दिवसांत पुण्याहून कुणी मोठे साहेब येऊन गेले. त्यांनी यांच्यावर काम टाकलं — गावाची सगळी हकीकत काढायची. गाव कुठून कुठं वाढलं, पुढं कुठं वाढेल, कुठल्या आळीत उसाच्या पाचटाच्या गंजी आहेत म्हणून आगीची भीती, पाणी भरतं कुठं. नव्या वस्तीला जागा देण्याआधी हे सगळं ठरायला हवं होतं. हे दिवसभर फिरायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचे, आणि दिवेलागणीला जमिनीवर कागद पसरून बसायचे. मी चहा ठेवायचे आणि ते सांगायचे, मला समजेल असं. “गाव वाढू दे,” म्हणायचे, “पण त्याला खाली उतरू द्यायचं नाही.”

खाली म्हणजे ओढ्याकडं. गावाबाहेर एक ओढा कऱ्हेला मिळतो, त्याच्या काठचं मोकळं गायरान. तिथंच तो दगड होता.

आता दगडाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. शेंदूर फासलेला, गुडघ्याएवढा दगड. लोक त्याला नुसतं आई म्हणायचे. पूर्वी कधी मोठं पाणी आलं होतं, आणि ते जिथवर चढलं, जिथं काटक्याकुटक्या आणि फेस सोडून माघारी फिरलं, तिथं जुन्या माणसांनी आईला बसवलं. दर वर्षी पावसाळा सरायच्या आत बायका जाऊन तिची ओटी भरायच्या. खण, नारळ, बांगड्या, दहीभात. आणि म्हणायच्या, “आई, पाणी हितवर आलं, हितनं माघारी धाड.” दगडाच्या खाली कुणी घर सोडा, साधं छप्परही घालायचं नाही. कळस गावाकडची मेंढरं मुक्कामाला आली तरी दगडाच्या वरच बसायची. यांनी नकाशावर रेघ मारली ती त्याच दगडावरून. साहेबांनाही पटलं. रेघेच्या वर वस्ती, खाली काही नाही.

आणि रेघेच्या वरची जागा अडत्यांनी आणि त्यांच्या पाव्हण्यारावळ्यांनी हां हां म्हणता धरली. आम्हाला काही उरलं नाही. खालचं गायरान मात्र एवढं मोठं, सपाट, रिकामं. मी यांना म्हटलं, रेघ जरा खाली नाही का घेता येत? ते माझ्याकडं असे बघायला लागले, जशी मी देव्हाऱ्यात चपला घालून गेले होते. “दगड तिथं आहे ना,” म्हणाले. विषय संपला.

दगड तिथं आहे ना. पुढचे कितीतरी दिवस हेच माझ्या डोक्यात घोळत होतं. दगड आहे म्हणून रेघ. मग दगडच तिथं नसला तर?

बघा, इथवर आले आणि थांबले. — सांगते.

माझ्या मावशीच्या अंगात यायचं. लहानपणी वरकुट्याला मी तिच्या शेजारी बसून सगळं पाहिलेलं. केस कसे सुटतात, मान कशी फिरते, श्वास कसा घुमतो, आधी कुंकू मागायचं, मग पाणी, मग बोलायचं. त्या वर्षी ओटी भरायला आम्ही बायका गेलो, हलगी वाजत होती, आणि माझ्या अंगात आलं.

आलं नाही. मी आणलं. काहीही आलं नव्हतं. मला सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं, मोकळे सोडलेले केस डोळ्यांत जात होते तेही कळत होतं. आईची पूजा बघणारे तात्या होते — गावातले जुने माणूस, सगळे त्यांना तात्याच म्हणत. ते पुढं झाले. “कोण तू? काय पायजे तुला?” मी घुमत घुमत सांगितलं, मी आई, मला हितं ऊन लागतंय, मला पाण्यापाशी न्या, ओढ्याच्या तोंडाशी बसवा, तिथनं पुढं मी पाण्याला येऊ द्यायची न्हाय. तात्यांनी डोकं टेकलं. त्यांच्यामागं बाकीच्यांनी टेकलं. आणि गर्दीत आमचे हे होते — त्यांनी आपल्या बायकोच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांच्या टोपीची कड माझ्या अंगठ्याला लागली. मी पाय मागं घेतला नाही.

आठवड्याभरात मिरवणुकीनं दगड खाली नेला. ओढ्याच्या तोंडाशी छान घडीव पार बांधला. वरच्या जागी नुसता शेंदराचा डाग राहिला मातीत. आणि आता आई खाली बसली म्हटल्यावर लोक म्हणायला लागले, मधलं गायरान वस्तीला मोकळं करा. हे आडवे आले नाहीत. बाकी कुणाचंही त्यांनी ऐकलं नसतं, साहेबाचंसुद्धा नाही. पण आई स्वतः बोलली होती आणि तीही त्यांच्याच बायकोच्या मुखातून. त्यांनी जुनी रेघ खोडून पारावरून नवी मारली. मी चहा ठेवला.

जागा वाटायची वेळ आली तेव्हा लोक म्हणाले, जिच्या मुखातून आई बोलली तिला आधी निवडू द्या. मी कुठली निवडली असेल?

सगळ्यात वरची. जुन्या दगडाची जागा होती ना, अगदी ती. शेंदराचा डाग माझ्या परसात आला. हे म्हणाले, “वरचीच का गं? पाराजवळची का नको?” मी म्हटलं, रस्ता जवळ पडतो. ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग खुंट्या ठोकायला गेले. त्या डागावर मी तुळशीवृंदावन बांधून घेतलं. म्हणजे समजलं का तुम्हाला? माझा माझ्या बोलण्यावर तसूभरही विश्वास नव्हता. पाणी कुठवर येणार ते मला माहीत होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्या बाईला काय म्हटलं असतं, ते इथं सांगवत नाही.

आता सरू. सरूचं सांगितल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही, आणि तिच्यापाशी यायला मी किती वळसे घेतले ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.

सरू वखारीमागं आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. माहेर, सासर दोन्ही कळस. तिचा नवरा मारुती, त्यांची मेंढरं होती, ती विकून तो अडतीवर हमाली करायला आला. सरू हसरी, हाताला उरक दांडगा, मला आक्का म्हणायची. मला ताप आला तर माझी चूल तीच पेटवायची. तिला एक मुलगी, बबी. बबीला माझ्या हातची गुळाची पोळी लागायची आणि ती माझ्याच मांडीवर बसून खायची. जागा वाटताना सरू मला बाजूला घेऊन म्हणाली, “आक्का, मी खालची घिऊ का, पाराशेजारची? आईबी जवळ, पाणीबी जवळ.” माझ्या शेजारची जागा अजून रिकामी होती. ‘माझ्याजवळ घे’ एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं तर तिनं विचारलं असतं, का? मी म्हटलं, “घे की.”

घर उठलं माझं. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर पत्रा, दारात ओटा. मी सुखात होते हो. खोटं कशाला सांगू? दोन पावसाळे कोरडेच गेले आणि मला वाटायला लागलं, काही होत नसतं. लोक माझ्या पाया पडायचे, पोराबाळांना अंगारा लावून न्यायचे, मी लावायचे.

तिसऱ्या वर्षी ओटीच्या दिवशी बबीला खोकला झाला होता. सरू नवी चोळी घालून, ताट भरून निघाली होती. मीच तिला म्हटलं, पोरीला सोडून कुठं येतेस, राहू दे यंदा, आई काही रागवायची नाही. तिनं ताट खाली ठेवलं. तिला बरं वाटलं. पोरीजवळ थांबायला मिळालं ना.

मग हस्ताचा पाऊस लागला. इथं तसा बेताचाच, पण वर पुरंदरकडं दणकून झाला असावा. बाजारचा दिवस होता. कऱ्हा दोन्ही थड्या भरून वाहत होती, आणि ती भरली म्हणजे ओढ्याचं पाणी घेत नाही. ते माघारी फिरतं, गायरानात पसरतं. सरू बाजाराला गेलेली, मारुती अडतीवर, बबी खोकल्यानं दमून घरात निजलेली. हे गावात होते. मी परसात तुळशीपाशी उभी होते आणि मला खाली पार दिसत होता.

पाणी पाराला लागलं. मग पाराच्या पायरीवर चढलं. मग आईच्या शेंदराला.

ओरडायला हवं होतं. वस्तीत बायका होत्या, म्हातारी माणसं होती, सगळ्यांनी पाणी पाहिलं होतं आणि कुणीही हललं नव्हतं. का हलतील? आई म्हणाली होती, इथनं पुढं पाण्याला येऊ देणार नाही. लोक दारात उभे राहून हात जोडत होते. त्यातल्या दोघीतिघींनी वळून माझ्याकडं बघितलं — मी काय करते ते. मी पळा म्हटलं असतं, तर आई खोटी पडली असती. म्हणजे मी. म्हणून मी हात जोडले. त्यांनी बघितलं, मी हात जोडलेत, आणि त्या परत पाण्याकडं वळल्या.

किती वेळ गेला मला माहीत नाही. तो फार नव्हता, पण पुरेसा होता. मी ओरडले तेव्हा पाणी पारावरून वस्तीत घुसलं होतं. लोक धावले, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन वर आले, माझ्या ओट्यावर दाटीनं बसले. खालची मातीची घरं जोत्यापासून विरघळायला लागली. सरूचं पहिलं गेलं. घर निजलेल्या पोरीवर बसलं. पाणी माझ्या तुळशीपाशी आलं, काटक्या आणि फेस सोडला, आणि तिथून माघारी फिरलं.

सरू बाजारातून पळत आली. टोपलीतली वांगी तशीच होती. ती मला विचारत होती, आक्का, बबी तुमच्याकडं हाय न्हवं? बबी तुमच्याकडंच हाय न्हवं?

यानंतरचंच खरं सांगायचं आहे. आतापर्यंतचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई घराच्या हावेनं वेडी झाली, भ्याली, चुकली. थांबा. अजून पुढं आहे.

पाणी ओसरल्यावर गाव पारापाशी जमलं. बबीला पोचवून दहा दिवसही झाले नव्हते. तात्यांनी मला आईपुढं बसवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, “आई, तू पाण्यापाशी बसलीस. तुझ्या बोलावर आमी घरं बांधली. मग पाणी का आलं?” आवाज चढला नव्हता त्यांचा, पण ते डोळ्याला डोळा भिडवून बघत होते. मला वाटतं त्यांना संशय आला होता. मागं हे उभे होते, नव्या रेघेचे धनी, तोंड काळं पडलेलं. सरू पुढं बसली होती, पदर तोंडात धरून.

तेव्हा सांगता आलं असतं. माझं तोंड कुणी धरलं नव्हतं. मी केस सोडले.

घुमले, कुंकू मागितलं, पाणी मागितलं. आणि म्हणाले, “ओटी चुकली.” एवढंच. कुणाची, ते मी म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही, आणि पडणार नाही हे मला माहीत होतं. सरू उठली, जमिनीवर लोळण घेतली, आणि ओरडली, “माझी गं आई! माझी चुकली! माझ्यापायी झालं!”

तिला ‘राहू दे यंदा’ असं कुणी सांगितलं, ते ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. तिला ते आठवत नसेल असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगून बघितलं. आठवत होतं. तिनं मला पाठीशी घातलं.

मारुती तिला घेऊन कळसला गेला. पुढं थोडी जमीन कसली, आणखी मुलं झाली. तो चांगला माणूस, पण जावा-नणंदांनी तिला ‘पोरीला खाणारी’ म्हणून बोलून घेतलं ते घेतलंच. गोड ती कधी खायची नाही, नवी चोळी तिनं परत अंगाला लावली नाही. दर वर्षी ओटीच्या दिवशी कळसहून यायची, आधी खाली पारावर जायची, मग माझ्याकडं. माझी ओटी भरायची. माझी. तांदूळ, खण, नारळ, आणि पायावर डोकं. मी पदर पुढं करून घ्यायचे. न घेऊन कसं चाललं असतं? असं मला तेव्हा वाटायचं.

यांनी इंदापूरला बदली मागून घेतली. रोज एसटीनं जायचे, यायचे. नकाशाचं काम सोडून कचेरीतलं बैठं काम घेतलं. पावसाळ्यात जेवताना मधेच उठून परसात जायचे आणि ओढ्याकडं बघत उभे राहायचे. एकदाच म्हणाले, “माझी जुनी रेघ बरोबर होती.” मी पान वाढलेलं होतं, म्हटलं, जेवण गार होतंय. आई खोटं बोलली असेल असं त्यांच्या मनात आलं नाही. आपण कुठंतरी सेवेत कमी पडलो असंच ते धरून बसले, आणि तसेच गेले.

वस्ती परत उठली. आता पक्क्या विटांची घरं आहेत तिथं, दुकानं आहेत, रात्रंदिवस मोटारसायकली जातात. पार तिथंच आहे, आईही. लोक सांगतात, पाणी पाराच्या पुढं येत नाही. एकदा आलं होतं, तेव्हा कुणाची तरी ओटी चुकली होती.

सरूनं शेवटी अंथरूण धरलं तेव्हा तिच्या लेकानं मला बोलावणं पाठवलं. मी कळसला गेले. जाताना एसटीत ठरवलं होतं, आता सांगायचं. ती हाडांची मोळी झालेली, पण मला बघून उठायला लागली. लेकानं आणि सुनेनं तिला टेकवून बसवलं, आणि आम्हा दोघींना सोडून ते बाहेर गेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “आक्का, तुमचं आई ऐकती. तिला एवढं म्हणावं, माझी चूक पोटात घाल. म्हंजी बबीला तोंड दावता येईल मला.”

मी तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती वाट बघत होती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आईनं पोटात घातली.”

सरूला मी माफ केलं. आणि तिनं ती माफी दोन्ही हात जोडून घेतली.